निळ्याची बदली

नरहरराव पांढरीपांड्यांच्या डाव्या भुवईवर एक जुनी खोक आहे. ती पितळी कुलपाची. सरकारी क्वार्टरांचं वाटप करणाऱ्या शाखेत ते बाबू होते. एकदा शिवाजी नगरातलं एक क्वार्टर रिकामं करून घ्यायला गेले, तेव्हा जुन्या रहिवाशाने दारातूनच कुलूप भिरकावलं. शर्ट रक्ताने भिजला, पण नव्या माणसाच्या हातात किल्ली दिल्याशिवाय हे दवाखान्यात गेले नाहीत. त्यांचे वडील राजधानी हलली तेव्हा नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आलेले. नियम म्हणजे नियम, हे बाळकडू घरातलंच.

"आयुष्यभर लोकांची भांडणं सोडवली, वहिनी," ते मला म्हणतात, "आणि म्हातारपणी मासे बोकांडी बसले."

वंदना, त्यांची बायको, माझी शेजारीण. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आणि खाट बैठकीत आली. तिला दिवसभर बघायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी खाटेसमोर खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तळाशी दगड रचले आणि समुद्रातले मासे आणले. त्यात एक निळा होता. दुकानदार त्याला सर्जन म्हणतो, कारण शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखं पातं असतं. मनात आलं की उघडतं, एरवी मिटलेलं. डाव्या कोपऱ्यातली दगडांची गुहा त्याने बळकावली.

पुढे त्या टाकीत जे झालं ते मी समोर बसून पाहिलं आहे. एका नारिंगी माशाचा डोळा त्याने फोडला. तो मासा आंधळ्या बाजूने काचेवर आपटत आपटत मेला. मग वंदनाने हट्टाने एक पिवळा मागवला. अंगाने तो थेट निळ्यासारखाच, फक्त रंग वेगळा. त्याला पाण्यात सोडताच निळा गुहेतून सुटला, बाजूने घासून गेला आणि पिवळ्याचं पोट उसवलं. पाण्यात धुरासारखं रक्त पसरलं. वंदनाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अंकल, अपने जैसा दिखे तो ये और ज़्यादा मारता है," दुकानदार म्हणाला. तरी तो दुसरा पिवळा द्यायला तयार होता. वंदनाने जड जिभेने नवऱ्याला बजावलं, "आणा. पण हाही मेला, तर ही काचेची पेटी उचलून न्या. मला रोज खून बघायचे नाहीत."

नरहररावांनी बाह्या सरसावल्या. निळ्याला बादलीत काढलं, सगळे दगड हलवले, जुनी गुहा मोडून नव्या जागा केल्या. बेत चांगला होता. घोटाळा पुढे झाला.

"आता आधी कोण?" मी विचारलं.

"ज्येष्ठतेप्रमाणे. जुन्याचा हक्क पहिला. तीस वर्षं हेच केलंय, वहिनी."

त्यांनी निळ्याला आधी सोडलं. तो पाच-सहा फेऱ्या मारून उजवीकडच्या मोठ्या कपारीत घुसला. मग पिवळा सोडला. निळ्याने त्याला काचेशी दाबून धरलं आणि शेपटीचे तुकडे तोडले. नरहररावांनी जाळी घातली, तर पात्याने त्यांचाच अंगठा चिरला. त्याच हाताने त्यांनी पिवळ्याला ओढून काढलं आणि भोकांच्या प्लास्टिक टोपलीत घालून ती टाकीतच काठाला लटकवली. निळा टोपलीवर धडका देत राहिला. ठक, ठक. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं.

"हातात घेऊन आपटतो साल्याला," नरहरराव ओरडले. अंगठ्यातून रक्त फरशीवर ठिबकत होतं.

वंदना खाटेवरून म्हणाली, "कुलूप कोणी मारलं होतं तुम्हाला? नव्याने की जुन्याने?"

नरहररावांचा भुवईवर हात गेला.

"जुन्याने."

"मग जुन्यालाच आधी घर का देता?"

पिवळ्याची शेपटी टोपलीत भरत आली, तशी त्यांनी उलट बदली काढली. निळा पुन्हा बादलीत, हवेची नळी घालून. दगड पुन्हा मोडले. या वेळी पिवळ्याला आधी मोकळं सोडलं आणि टाकी त्याच्या एकट्याच्या ताब्यात राहू दिली. तो हळूहळू मधल्या दगडाआड रुळला. दोन दिवसांनी निळ्याची पाळी आली. त्याआधी वंदनाने उशाचा आरसा पुढे केला. "हा लावा बाहेरून. त्याला स्वतःशीच मारामारी करू दे."

निळा पाण्यात पडला आणि डाव्या कोपऱ्याकडे धावला. गुहा नव्हती. उजवीकडे धावला. कपारही नव्हती. मग त्याला आरशातला निळा दिसला. पाती उघडून तो त्याच्यावर तुटून पडला. काचेवर थडाथड आपटत राहिला, नाकावरचं कातडं सोललं, तरी थांबेना. वंदना या वेळी भिंतीकडे वळली नाही. चादरीची कड मुठीत धरून बघत होती.

दमला तेव्हा त्याला पिवळा दिसला. तो सरळ अंगावर गेला. पिवळा पळाला नाही. दगडाला पाठ लावून त्याने शेपटी पुढे केली, पातं उघडलं. दोघे एकमेकांसमोर आडवे झाले. एक झपाटा झाला. निळ्याच्या कुशीवर पांढरी रेघ उमटली, पिवळ्याचा एक खवला तरंगत वर आला. नरहररावांनी जाळी उचलली.

"थांबा," वंदना म्हणाली.

निळा मागे सरला. टाकीच्या दुसऱ्या टोकाला एका बारक्या भेगेशी जाऊन उभा राहिला. तिथून एकदा पुढे आला, पिवळ्याने पुन्हा पातं दाखवलं, तो परत गेला.

"काय म्हणतंय नवं क्वार्टर?" वंदनाने विचारलं.

"अर्ज करेल वरती," नरहरराव म्हणाले. कपाळाचा घाम त्यांनी अजून पट्टी बांधलेल्या हाताने पुसला.

मी विचारलं, "मग टाकी राहू द्यायची ना?"

वंदनाने नवऱ्याच्या हातातल्या माशांच्या खाण्याच्या वाळलेल्या शेवाळाच्या पानाकडे डाव्या हाताने खूण केली. "दोन तुकडे करा. एक या टोकाला, एक त्या टोकाला. एका पंगतीत बसणारी माणसं नाहीत ही."

त्यांनी पान फाडलं.