कडी लावलीत ना?

मस्कतच्या अझैबात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मॉस्कोवाल्या वहिनींइतकं घाबरट माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मूळच्या पुण्याच्या, मॉस्कोत इतिहास शिकलेल्या आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या. दाराची बेल वाजली की हातातलं भांडं सुटायचं. मी आत शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, "सलमाताई, कडी लावलीत ना?" काही खासगी बोलायचं असलं की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सिंकचा नळ सोडून ठेवायच्या. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या बिल्डिंगमध्ये हे! त्यांचे यजमान वैतागायचे, "अगं, इथे कोण ऐकतंय? खालचा मल्याळी दुकानदार?" वहिनी म्हणायच्या, "तिथेही आम्ही असंच म्हणायचो."

सोव्हिएत राज्य मोडल्यावर तिथली दफ्तरं उघडली होती. वहिनींच्या बाई, म्हणजे मॉस्कोतल्या म्हाताऱ्या प्राध्यापिका, जुने सरकारी कागद गोळा करून ग्रंथ छापायच्या खटपटीत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर त्या झेरॉक्सचे गठ्ठे पाठवत. फोनवर वहिनी या गठ्ठ्यांना 'लोणचं' म्हणत. "दार पुन्हा कधी लोटतील, नेम नाही. उघडं आहे तोवर घ्यायचं," असं त्या म्हणायच्या.

त्याहून मोठी भीती चूक होण्याची. टाइप केलेली प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि वहिनींनी मूळ कागदाच्या झेरॉक्सवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं. "नावातलं एक अक्षर चुकलं, तर त्या माणसाच्या नातीला तो सापडायचा नाही." वाचायला मी. मला रशियन ओ की ठो कळत नव्हतं आणि वहिनींना नेमकं तेच हवं होतं. "अर्थ कळला की डोळा पुढे पळतो हो." मी रत्नागिरीची, लहानपणी कुराण शरीफ अर्थाच्या आधी उच्चारांनी बिनचूक वाचायला शिकलेली. हे ऐकलं मात्र, त्यांनी मला रशियन लिपी गिरवायलाच बसवलं.

दुपारी दुकानं बंद होऊन अझैबा झोपलं की आम्ही बसायचो. विमान डोक्यावरून गेलं की थांबायचं, मग पुन्हा सुरू. एक शब्द जवळजवळ प्रत्येक नावाच्या शेवटी यायचा, 'रास्त्रेल'. ओळखीचा झाल्यामुळे तो आला की मला हायसं वाटायचं आणि मी तो चांगला ठणकावून म्हणायचे. एकदा अर्थ विचारला, तर वहिनी म्हणाल्या, "नको. अजून बरंच वाचायचंय तुम्हाला."

एका दुपारी वाचता वाचता मी थबकले. "अहो वहिनी, हे तर तुमच्या बाईंचं आडनाव! गठ्ठ्यावर असतं ना? फक्त शेवटचा 'आ' तेवढा नाही." आणि पुढचा शब्द खुशीत वाचला, "रास्त्रेल!"

वहिनींनी उठून नळ सोडला.

"बाईंचे वडील," त्या म्हणाल्या. "तिकडे 'आ' फक्त बायकांच्या आडनावाला लागतो. एका रात्री त्यांना घेऊन गेले, ते गेलेच. बाईंनी कागदावर खूणसुद्धा केली नाही हो. त्यांना स्वतःला ताडता आलं नसणार." मग अगदी हळू, "रास्त्रेल म्हणजे गोळी घालणे."

किती माणसांना मी ठणकावून ते ऐकवलं होतं! तोंडून नुसतं "या अल्ला" निघालं. वहिनी परत समोर येऊन बसल्या, कागदावर बोट ठेवलं. "पुन्हा वाचा, सलमाताई. एकही अक्षर गाळू नका." मी वाचलं. त्या दिवसापासून मीही दाराकडे तोंड करून बसू लागले.

पुढे यजमानांची नोकरी संपली आणि वहिनी पुण्याला गेल्या. निघताना एअरपोर्टवर मिठी मारून कानात म्हणाल्या, "लोणचं हातातल्या बॅगेत आहे." ग्रंथ निघायला आणखी काही वर्षं गेली. तोवर तिकडच्या दफ्तरांचं दार पुन्हा लोटत आलं होतं म्हणे. वहिनींनी मला एक प्रत पाठवली. फोनवर मी विचारलं, "बाईंनी बघितला?"

"हातात घेतला. उघडला नाही."

मी उघडला. ते पान सापडलं, सगळी अक्षरं जागच्या जागी होती. मी सवयीने मोठ्याने वाचायला लागले, तशी शाळेतून आलेली माझी लेक म्हणाली, "अम्मी, व्हॉट इज दॅट? काय लिहिलंय?"

"नावं आहेत," मी म्हटलं, "कडी लावलीस ना?"