भाकरी थापणारा हात

कोरेगावच्या बाजूला आकाराम सुताराचं नाव झालं ते लाकडी हातांमुळं. गावचा कृष्णात लढाईवरून एक हात गमावून आला, तेव्हा सरकारनं त्याला पाच बोटांचा रंगवलेला हात दिला होता. दिसायला देखणा, कामाला शून्य. आकारामनं त्याजागी लाकडी हाताला लोखंडी आकडा बसवून दिला आणि कृष्णात पुन्हा औत धरायला लागला. सुताराच्या डोक्यात जरा हवा गेली ती तेव्हापासून.

त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर त्याच्या दारात दगडाबाई आली. सासरच्या गुऱ्हाळात ऊस सारताना तिचा उजवा हात चरकात सापडून मनगटापासून गेला होता. नवरा अर्जुना आता दुसरी करायला निघाला होता. कारण विचारलं की एकच, घरात भाकऱ्या कोण थापणार?

"तात्या, तेवढी भाकरी थापता आली पायजे," ती म्हणाली. "मग त्येंना बोलायला जागाच न्हाई."

आकारामनं वळलेल्या बोटांचा, घट्ट पकडीचा हात केला. भाकरी फाटली. दुसरा केला, तीच गत. पन्नास वर्षं हा गडी भाकरी खात आला, पण ती थापताना एकदाही बघितली नव्हती! शेवटी तो आपल्या बायकोसमोर, भाकरी थापायच्या काटवटीजवळ जाऊन बसला. "आज ह्ये काय नवीन?" म्हणून बनुबाई खेकसली. पण त्याला तेव्हा कुठं उमगलं, की भाकरीचा हात काही धरतच नाही. तो उघडा राहतो, थापतो आणि फिरवतो.

मग त्यानं पांगाऱ्याचा हलका, चपटा तळवा केला, काचेनं घासून गुळगुळीत केला आणि मनगटाशी लवणारी चामड्याची वादी लावली. दगडाबाईनं थापलेल्या भाकरीला काठाला एक चीर नव्हती. तव्यावर ती टम्म फुगली, तशी दगडाबाई रडायलाच लागली. आकारामचेही डोळे भरून आले.

चार दिवसांनी तिची सासू धोंडुबाई दारात हजर. "भाकरी झाली रं बाबा. पर हळदीकुंकू कुठल्या हातानं लावायची ही? डाव्या?"

आकारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला चरकावर बसवताना हिला उजवा-डावा सुचला नव्हता. पण राग गिळून तो पुन्हा कामाला लागला. आठ दिवस खपून त्यानं तळव्यात बसणारं, कुंकू टिपणारं नाजूक बोट केलं.

ते घेऊन तो तिच्या सासरी गेला, तर दारात मांडव! अर्जुनाचं लग्न उद्यावर आलं होतं. चुलीपुढं दगडाबाई आणि शेजारी भाकऱ्यांची चळत. धोंडुबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगत होती, "सकाळपासनं दोन पायल्या पीठ संपिवलं हिनं. हात लय झ्याक चालतोय."

आकाराम जवळ जाऊन उभा राहिला. मुठीतलं बोट दाखवायचा त्याला धीर होईना.

"तात्या," काटवटीवरची नजर न काढता दगडाबाई म्हणाली, "येवढा चांगला कशाला केलासा?"

आणि तिनं पुढचा गोळा थापायला घेतला.