गुडलँड्स : शून्य

घरचा गणपती थोरल्याकडे राहायचा, हा आमचा रिवाज. आई गेल्यावर मी, धाकट्याने, गणपतीचा पाट उचलून व्हाकोआला माझ्या घरी आणला. सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत असल्यामुळे घरात शहाणा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. थोरला दादा, बेटाच्या उत्तरेला गुडलँड्सला राहणारा, त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. व्हाकोआतल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीच्या जेवणाला कोण कोण येणार, याच्या याद्या गावोगावहून आणवल्या. मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे. दादा जेवायला आला, तर आधी घरच्या बाप्पापुढे, म्हणजे माझ्या दारी येणार, हे नक्की. याद्या आमच्या टायपिस्ट बाईंनी टाइप केल्या. मी एकही वाचली नाही. दादाचं नाव नसलं तर? नकार यंत्राने सांगितला तर कमी लागेल, असं वाटलं.

बोटांवर मोजून झालं असतं. मी कॉम्प्युटरसाठी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची माळ, लिहिली. लालमती, गुडलँड्स, व्हाकोआ, एकेका गावची यादी मोजायचं एकेक, अशी तीन कामं तिने एकदम सुरू करून पडद्यामागे सोडून द्यायची. हल्लीची पोरं अशा सुट्या कामाला थ्रेड म्हणतात आणि त्याचं उत्तर एका ओळीत हातात घेतात. आमच्या वेळी सुटलेलं काम आपल्यापुरतं मोजून मरून जाई, आकडाही त्याच्याबरोबर. म्हणून प्रत्येकाने आपला आकडा एका फाइलीत लिहून ठेवायचा, आणि मूळ स्क्रिप्टने सगळी कामं संपेपर्यंत थांबायचं. थांबायची आज्ञा एका शब्दाची. ती मी लिहिलीच नाही. वर फाइल सापडली नाही तर शून्य धर, ही माझी खास हुशारी!

गुडलँड्सची यादी फ्लॉपीवर होती. ती सावकाश घरघरत वाचली जात असतानाच कागद छापून आला : गुडलँड्स, शून्य.

अख्ख्या गुडलँड्समधून एकही माणूस येत नाही, यावर शुद्धीतल्या कुणी विश्वास ठेवला नसता. मंडळाच्या आचाऱ्याने तर कागद बाजूला सारून नेहमीएवढा भात टाकला. मी मात्र त्यावर विश्वास ठेवला. मला तेच ऐकायची भीती होती.

गणपतीच्या सकाळी एकट्याने आरती म्हटली. स्वतःचाच आवाज ऐकवेना. घराला कुलूप लावलं आणि बसने समुद्रावर जाऊन बसलो.

परतलो तर शेजारीणबाई फाटकाशीच उभ्या.

"आयो, भाऊ! बाप्पाला आत कोंडून कुठे गेलात? तुमचे दादा आले होते, बायकापोरांसकट. तासभर उभे होते उन्हात. मग तसेच बस धरायला गेले."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल उघडली. गुडलँड्सचा आकडा तिथे होता, कागद छापून झाल्यावर आलेला, कुणी न विचारलेला. यादीही वाचली. तिसरंच नाव दादाचं : माणसं पाच.

रविवारी गुडलँड्सला गेलो. दादा ओट्यावर कोयता घासत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तीन कामं, फाइली, फ्लॉपी, काही सोडलं नाही.

"म्हणजे तू विचारलंस," तो मान वर न करता म्हणाला, "आणि ऐकायला थांबला नाहीस."

"हो, दादा."

"मग यात यंत्राचं काय?"

 वहिनींनी चहा आणला, एकच कप. तो माझ्यापुढे ठेवला. दादा कोयता घेऊन मागे उसाकडे निघून गेला. या वेळी मी त्याची वाट पाहत थांबलो. चहा निवला, शेवटची बस आली, तोपर्यंत थांबलो.