एका ज्योतीचा लायटर

सुल्मा एचेवेरीने तीस वर्षं माँतेविदेओच्या नाटकगृहात, रंगमंचाखालच्या खोक्यात बसून नटांना वाक्यं पुरवली. भलेभले नायक तिच्या कुजबुजीवर तरून गेले. टाळ्या त्यांना, धूळ हिला. आता त्याच बाईला स्वतःच्या दारावरची थाप ऐकू येईना.

बोटंही सांध्यांतून वाकली होती. औषधाच्या दुकानात रीतसर मिळणारा गांजा चिमूटभर घेतला की दुखणं उतरायचं, ब्लाउजची बटणं लागायची. धूर सोसत नसे, म्हणून तिच्या नवऱ्यानं, वाल्तेरनं, एक पोलादी नळी आणली होती. आत पाला भरायचा, वर टोपण घालायचं, टोपणाला ज्योत दाखवायची. पुरेसं तापलं की टोपण 'टक्' करतं. तिथंच थांबायचं आणि वाफ ओढायची. ती 'टक्' वाल्तेर ऐकायचा आणि तिच्या गुडघ्यावर बोट टेकवायचा.

मार्चमध्ये वाल्तेर गेला. त्याच्या तीन ज्योतींच्या लायटरनं तिनं पाच वेळा पाला जाळला. ठसक्यानं जीव कासावीस झाला, तशी नळी खणात गेली. बटणं उघडीच राहू लागली. वरून शाल लपेटून ती बाहेर पडे.

मग एका रविवारी नळी पर्समध्ये टाकून ती बाजारात एबेरच्या लायटरच्या टपरीसमोर उभी राहिली.

"हा घ्या, सुल्माबाई!" एबेर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "चार ज्योती! पाच सेकंदांत काम तमाम!"

"कुणाचं? माझं? मला घाई कुठंय रे? बस चुकणारे का माझी?"

"मग हा. नाजूक, खिशात मावेल."

तिनं अंगठ्यानं खटका दाबून पाहिला. ढिम्म हलेना. "हा एखाद्या पैलवानाला वीक."

एबेरनं हसत खालच्या खोक्यातून तिसरा काढला. "एकच ज्योत, सावकाश तापवते. बूड रुंद आहे, टेबलावर ठेवा. खटका एकदा अडकवला की दोन्ही हात मोकळे."

वारा ज्योत मोडत होता. एबेरनं जाकीट आडवं धरलं. सुल्मानं रिकामी नळी ज्योतीत धरून हळूहळू फिरवली.

"मी सांगू का, कधी—"

"तू गप्प बस."

तिनं डोळे मिटले. वाल्तेरचा लायटर हातात थरथरायचा, त्यात काहीच कळत नसे. आता अंगठ्याखाली एक बारीकसा झटका आला, मुंगीनं लाथ मारावी तेवढा. तिनं नळी झटकन बाहेर घेतली.

"बरोब्बर! ऐकू आलं?"

"नाही. बोटाला कळलं."

"झालं तर मग! आता तुम्हाला कुणाचीही गरज नाही."

सुल्मानं मान हलवली. हसू मात्र यायला थोडा वेळ लागला.

एबेरनं गॅसचा डबा उचलला. "काठोकाठ भरतो, दोन महिने बघायला नको. डबाही घेऊन जा, घरीच भरता येईल."

"डबा नको. मला नाही जमायचं ते."

नळी इतकी स्थिर धरणाऱ्या त्या हातांकडे एबेरनं पाहिलं. मग तिच्या समोर वाकून, ओठ नीट दिसतील असं, पहिल्यांदाच हळू बोलला, "आठवड्यापुरताच भरतो. पुढच्या रविवारी या."