सुखी खेचर

विनूभाऊजी गेले त्याला आता दीड महिना होईल. सकाळी मी पोहे निवडत बसले होते, तेवढ्यात ठाण्याहून त्यांच्या मुलाचा, सतीशचा, फोन आला. "काकू, बाबा गेले. झोपेतच." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि उरलेले पोहे निवडून टाकले. शेजारच्या सुलभाताई आल्या, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "कोण हो तुमचे?" दीर, म्हटलं, धाकटे. आता त्यांना कुठं सांगत बसू, की लग्न होऊन कल्याणला आले आणि अंगावरची हळद उतरायच्या आत ज्या माणसानं मला खेचर करून टाकलं, तो माणूस गेला...

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. आमचं बिऱ्हाड कल्याणला, भाड्याच्या घरात. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. माणसं पाच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टात कारकून. सासूबाई. आमचे हे रेल्वेत गार्ड, त्यामुळे अर्धा महिना घराबाहेर. विनूभाऊजी वर्कशॉपात नुकतेच चिकटलेले. आणि पाचवी मी. सासरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर सासूबाई चुलीपाशी, मामंजी पाटावर, दोघांत फार तर दोन हात अंतर. सासूबाई म्हणाल्या, "विनू, यांना विचार, भात वाढू का." विनूभाऊजी वळून म्हणाले, "बाबा, भात?" मामंजी म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पुरे." मला वाटलं, चाल असेल एकेका घरची. चार दिवसांनी कळलं, की चाल नाही, अबोला आहे. आणि तोही कितीतरी वर्षांचा.

झालं होतं असं, की थोरल्या वन्संच्या लग्नात देण्याघेण्यावरून सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि मामंजी भर मांडवात, व्याह्यांसमोर म्हणाले, "हिला काय कळतंय!" बास. सासूबाईंनी त्यावर भांडण केलं नाही, रडल्या नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "कळत नाही ना? मग बोलू तरी कशाला?" तेव्हापासून त्या मामंजींशी बोलायच्या बंद झाल्या. मामंजीही कोर्टातले, माघार घेणं त्यांच्या दप्तरी नव्हतं. दोघांच्या मधे पोरसवदा विनू. निरोप पोचवता पोचवता तो मोठा झाला, आणि निरोप दुरुस्त करण्यात इतका तरबेज झाला की काय सांगू. आई म्हणायची, "गिळा म्हणावं गुमान." विनूभाऊजी सांगायचे, "आई म्हणते, आज आमटी जरा बिघडली, सांभाळून घ्या." मामंजी म्हणायचे, "या बाईला काही चव?" ते सांगायचे, "बाबा विचारतायत, तू जेवलीस का." मला पदराआड तोंड दाबून हसावं लागायचं.

आणि मग भाऊजींना भुसावळची चांगली जागा चालून आली. पगार जास्त, राहायला खोली. कुणीही उडी मारून गेला असता. भाऊजी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, मी या घरातला टेलिफोन आहे. मी गेलो तर हे दोघं उपाशी मरतील हो. एक वाढायचं विचारणार नाही आणि दुसरा मागणार नाही." मी म्हटलं, मी आहे ना. तर हसले. "तुम्ही बाबांसमोर मान वर करत नाही. तुम्ही कसला निरोप पोचवताय?" खरंच होतं ते. सुनेनं सासऱ्यांपुढे तोंड उघडायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

त्याच सुमाराला त्यांच्या डोक्यात घरच्या घरी सिनेमाचं खूळ शिरलं. मामंजींचं मत, की थिएटरात जाणारी माणसं घर बुडवतात. भाऊजी म्हणाले, "ठीक. मग थिएटर घरात आणतो." विठ्ठलवाडीच्या बाजूला लढाईत लष्कराची मोठी छावणी होती. लढाई संपली, आणि तिथलं भंगार बाजारात आलं. एका रविवारी तिकडून भाऊजी एक लोखंडी धूड खांद्यावर घेऊन आले. हातानं दांडा फिरवून सिनेमा दाखवायचं यंत्र! दिवा नाही, मागचा आरसा फुटलेला, झाकण बेपत्ता. म्हणून तर परवडलं. आरशाच्या जागी मामंजींचा दाढीचा आरसा गेला, झाकणाच्या जागी माझी पोह्यांची ताटली. दिवा म्हणून मोठ्यात मोठा बल्ब आणून बसवला, तो लागला की घरातला दुसरा दिवा पिवळा पडायचा. पडद्याला पैसे नव्हते, मग मामंजींचं धोतर ओलं करून माजघराच्या दारात ताणून बांधलं. यंत्र माजघरात, प्रेक्षक ओटीवर. ओल्या धोतरातून चित्र पलीकडे झकास दिसायचं. फक्त कडेला लाल काठ यायचा आणि इंग्रजी अक्षरं उलटी दिसायची. सुलटी वाचायची तरी कुणाला हौस होती म्हणा.

फिल्म एकच. यंत्रातच अडकून आलेली. लष्करातल्या शिपायांना शिकवण्यासाठी काढलेली, खेचरावर ओझं कसं लादावं याची. दोन शिपाई येतात, पोतं उचलतात, खेचर लाथ झाडतं, शिपाई पडतो, पुन्हा लादतात, आवळून बांधतात, आणि शेवटी खेचर मान वळवून पडदाभर आपल्याकडे बघतं. संपला सिनेमा. पण आमच्या आळीतली माणसं ती फिल्म दर शनिवारी येऊन बघायची. जणू या शनिवारी तरी खेचर पळून जाईल.

फिल्म मुकी होती. भाऊजी म्हणाले, बोलपटाच्या काळात मुका सिनेमा दाखवायची लाज वाटते. मग आवाजाची सोय सुरू झाली. टापांना करवंट्या, पोतं आपटायला उशी, शिपाई पडला की परात. दोन्ही शिपायांचं बोलणं स्वतः भाऊजी दांडा फिरवता फिरवता करणार. राहिलं खेचर. "वहिनी, तुम्ही." मी म्हटलं, इश्श, भलतंच काय. पण धोतराआड कोण बघणार आहे, असं म्हणत त्यांनी मला बसवलंच. मामंजींसमोर ज्या सुनेचा आवाज निघत नव्हता, ती त्यांच्यापासून चार हातांवर धोतरामागे बसून खेचरासारखी ओरडायला लागली! पहिल्या खेळानंतर मामंजी ओटीवरून म्हणाले, "विनू, जनावर कुठलं आणलंस रे?" मला कोण अभिमान वाटला. भाऊजींचं मात्र समाधान नाही. "छे. तुमच्या खेचराला काही तक्रारच नाही. सुखी खेचर आहे हे."

एवढ्यावर थांबतील तर ते विनूभाऊजी कसले? म्हणाले, माणूस आडून ओरडतोय हे कळतं, हे नाटक झालं. सिनेमात आवाज यंत्रातून आला पाहिजे. पुन्हा विठ्ठलवाडी. या खेपेला लष्करी टेलिफोन आणला, तोही निम्माच. बोलायचा तुकडा माजघरात ठेवला आणि वायर ओढून ऐकायचा तुकडा ओटीवर. पण आवाज चिलटाएवढा. तो घुमवायला मोठं भांडं हवं होतं. घरातली सगळी भांडी वाजवून झाली. घुमला तो एकाच भांड्यात, सासूबाईंच्या माहेरच्या तांब्याच्या हंड्यात. आणि वायर तोंडातून घातली तर दिसते म्हणून या शहाण्या माणसानं हंड्याच्या बुडाशी चक्क भोक पाडलं.

हंड्यावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं, माहेरचं नाव. विहिरीवरून पाणी आणायला त्यांनी हंडा उचलला आणि भोकातून वायर लोंबताना बघितली. हंडा होता तिथे ठेवला, कळशी घेतली आणि गेल्या. दुपारी भाऊजींनी पाणी मागितलं तर मला म्हणाल्या, "कुसुम, याला सांग, घे म्हणावं आपल्या हातानं."

म्हणजे आता भाऊजींशीही अबोला. टेलिफोनच बंद पडला म्हणा ना. मामंजींसाठीचे निरोप त्या माझ्याकडे देईनात, आणि भाऊजींनी आणलेले ऐकून घेईनात. आमचे हे ड्यूटीवर, आणि त्या आठवड्यात आमच्या घरात जे चाललं ते शत्रूवर येऊ नये. मामंजी ताट संपवून नुसते बसून राहायचे, सासूबाई भाताचं भांडं हातात धरून उभ्या, भाऊजी दोघांकडे बघतायत आणि मी पदर सावरत भिंतीशी. एकदा मामंजी अर्धपोटी उठले. सासूबाईंनी ते बघितलं, आणि त्या दिवशी त्याही जेवल्या नाहीत. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं. एवढी मोठी दोन माणसं, आणि भात वाढायला मधे कुणी नाही म्हणून उपाशी.

शनिवारी संध्याकाळी भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, आज तुमचा घसा बसलाय." मी म्हटलं, "नाही हो." "बसलाय. मी सांगतोय ना." ओटी माणसांनी भरली. धोतर ओलं झालं. दिवा लागला. भाऊजी स्वयंपाकघराच्या दिशेनं, कुणाकडेही न बघता, मोठ्यानं म्हणाले, "वहिनींचा घसा गेलाय. खेचर नाही आज. उठा मंडळी." ओटीवरून नाराजी उमटली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एकही खेळ त्यांनी चुकवला नव्हता, दाराआडून सगळे बघितले होते. मी बोलायचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. म्हणाल्या, "मी नाही कुणाशी बोलत." भाऊजी दांड्याला हात घालत म्हणाले, "कुणाशी बोलायचंय? यंत्राशी बोलायचंय."

शिपाई आले. पोतं उचललं. खेचर ओरडलंच नाही. ओटीवरच्या हंड्यातून घुमून, शांतपणे आवाज आला, "लादा. अजून एक लादा. मला विचारू नका."

ओटी खदखदून हसली. लोकांना वाटलं, नवा संवाद बसवलाय. सासूबाईंनी तुकडा दोन्ही हातांनी धरला होता. "मला काय कळतंय? चार माणसांत सांगितलंत ना, हिला काय कळतंय म्हणून? तेव्हापासून गप्प आहे खेचर. पण घाटातली वाट कुणाला ठाऊक असते हो? शिपायाला, की खेचराला?"

पुन्हा हशा. फक्त आमच्या घरातलं कुणी हसलं नाही. भाऊजी दांडा फिरवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात काढता येत नव्हता, कारण थांबले असते तर फिल्म जळली असती. धोतराच्या फटीतून मला ओटी दिसत होती. मामंजी उठले. हंड्यापाशी गेले, वाकले. त्या हंड्यातून आवाज नुसता येतो, जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सरळ हंड्यात तोंड घातलं आणि खणखणीत म्हणाले, "चार माणसांत बोललो होतो, चार माणसांतच सांगतो. खेचराला कळतं. शिपायाला कळलं नाही."

लोकांनी टाळ्या पिटल्या. सासूबाई उठल्या आणि त्यांनी दारातलं धोतर बाजूला केलं. त्याबरोबर सिनेमा सुटला तो थेट मामंजींच्या पांढऱ्या बंडीवर. नेमका शेवट आला होता. मामंजी छातीवर खेचराचं एवढंथोरलं तोंड घेऊन उभे, आणि सासूबाई समोर. बघत राहिल्या त्यांच्याकडे. मग म्हणाल्या, त्यांना, थेट त्यांना, "ते भोक आधी बुजवून आणा."

दुसऱ्या दिवशी कोर्टातले कारकून हंडा खांद्यावर घेऊन भर बाजारातून तांबटाकडे गेले. तांबटापाशी तांब्याचा तुकडा नव्हता, त्यानं पितळेचं ठिगळ लावून दिलं. वायरची वाट बंद झाली आणि आमचा बोलपटही. भाऊजी महिन्याभरात भुसावळला गेले. आणि ते दोघं? बोलायला लागले ते इतके, की वर्षानुवर्षांची थकबाकी वसूल केल्यासारखे उठता-बसता भांडायचे. शेजारचे म्हणायचे, अबोला बरा होता. पण भात वाढायचा राहिला नाही कधी.

भाऊजींची माझी शेवटची भेट घोडबंदर रोडला, सतीशच्या घरी. सतीशनं नवीन होम थिएटर घेतलं होतं. भिंतभर टीव्ही, चारी कोपऱ्यांत स्पीकर. कौतुकानं दाखवत होता. भाऊजी ब्लँकेट पांघरून बसलेले. सगळं ऐकून घेतल्यावर विचारतात, "भोक कुठं पाडलंस?" सतीशला काही कळेना, आम्ही दोघं हसून हसून बेजार. मग मला म्हणाले, "करा बघू खेचर." पंचाऐंशी उलटलेल्या बाईला! केलं, सुनेसमोर, नातवंडांसमोर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "अजून सुखीच आहे हो वहिनी."

हंडा माझ्याकडे आहे, डोंबिवलीला, गॅलरीत. पितळेचं ठिगळ घासलं की तांब्याहून जास्त चमकतं. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी हंडा आत आणला, रिकामा केला, स्टुलावर ठेवला आणि त्यात तोंड घालून ओरडले. काय घुमला म्हणून सांगू... शेजारून सुलभाताई धावत आल्या, "काय झालं हो? बरं आहे ना?" मी पदरानं डोळे पुसत म्हटलं, "काही नाही, तालीम करत होते."

त्या गेल्यावर पुन्हा एकदा तोंड घातलं. भाऊजी, ऐका आता. आता तक्रार आहे.