वाढत्या हरणांचा शिंपी

आमच्या आदिवासी वस्तीत शिंपी एकच. सगळे त्याला ‘वाढीव’ म्हणतात, कारण तो प्रत्येक कपडा वाढत्या अंगाचा शिवतो. लहान मुलांचं ठीक आहे हो. पण सत्तरी उलटलेल्या मास्तरांची पॅंटही त्याने वाढत्या अंगाचीच शिवली. मास्तर आता एका हाताने काठी धरून फिरतात आणि दुसऱ्या हाताने पॅंट.

अशा माणसाकडे हरणांचं काम आलं. आमच्या माळावरचा कळप चाळीस वर्षांपूर्वी शिकारीने संपवला होता. आता दूरच्या जंगलातून बारा हरणं आणून सोडायची होती. डोळे झाकले की हरीण प्रवासात शांत राहतं, म्हणून जनावरांच्या डॉक्टरबाईंनी डोळ्यांवर बांधायच्या बारा पट्ट्या शिवायला सांगितल्या आणि मापही लिहून दिलं.

वाढीवने मशीन खिडकीशी ओढलं आणि दोन दिवसांत काम उरकलं. बाईंनी एक पट्टी शेळीला बांधून पाहिली. शेळीने मान झटकली. पट्टी घसरून तोंडाशी आली आणि शेळीने ती खायला घेतली.

“काका, मापापेक्षा दोन बोटं जास्त कशी?”

“वाढत्या अंगाची आहे, बाई.”

“अहो, हरणं पुरती वाढलेली आहेत!”

“आज आहेत. आपलं गवत खाल्ल्यावर?”

बाई हसल्या नाहीत. “वाटेत पट्टी सुटली तर हरीण बिथरेल. पेटीवर डोकं आपटून मरेल. उद्या सकाळी गाडी निघतेय.”

वाढीवचं तोंड खडूसारखं पांढरं पडलं. माणसांच्या पॅंटी घसरल्या तर लोक हसतात. इथे जीव जाणार होता. त्याने कात्री उचलली, पण ती कापडावर टेकेना. दोन बोटं कमी करायची सवयच नव्हती हाताला.

“कापा की!” बायको ओरडली. “कापडच आहे, तुमचं नाक नाही!”

त्याने डोळे मिटून पहिली कापली. मग उघडे ठेवून बाकीच्या. नव्याने शिवलेली पट्टी त्याने बायकोच्याच डोळ्यांवर ताणून धरली.

“दिसतंय काही?”

“दिसतंय. तुमचं पोट.”

त्याने आतून आणखी एक अस्तर लावलं. “आता?”

“काही नाही. आता खुशाल खोटं बोला.”

चौथ्या दिवशी गाडी माळावर आली. सगळी वस्ती श्वास रोखून उभी. ड्रायव्हर उतरून हळूच म्हणाला, “वाटेत एकही पेटी हलली नाही.” बाई एकेक पट्टी सोडत गेल्या आणि अकरा हरणं वाऱ्यासारखी उधळली. बारावी मादी. दोघांनी तिला धरलं होतं, पण नाडीची गाठ आवळून बसलेली. डोळ्याजवळ कात्री चालवायची सोय नव्हती.

“काका, तुम्हीच या.”

शेळीलाही वळसा घालून जाणारा हा माणूस पुढे गेला. बोटांखाली ते गरम कान थरथरत होते. “झालं हं, बाळा, झालं,” म्हणत त्याने नखाने गाठ उकलली. मादीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या गुडघ्यावर सणसणीत लाथ हाणली आणि कळपाकडे धूम ठोकली.

वाढीव मातीत बसला, गुडघा धरून, डोळ्यांत पाणी. “बघितलंत? चाळीस वर्षांत या माळावर पहिली लाथ मला बसली!”

“मग मी इतकी वर्षं काय करत होते?” बायको म्हणाली आणि हात देऊन त्याला उभं केलं.