आवाज मागं ठेवणारा कवी

"काका, माझा आवाज मागं ठेवा."

स्टेजवर चढायच्या आधी तो हे सांगणार म्हणजे सांगणार. स्वतःचाच आवाज बारीक करायला लावणारा गाणारा मी चाळीस वर्षांत दुसरा पाहिला नाही. बाकीचे कसे असतात, तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात मंगलाष्टकं म्हणणारा मामासुद्धा माइक गिळायला बघतो.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला माझं लाऊडस्पीकरचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण आवाजातलं मला शिकवील असा माणूस या शहरात अजून भेटायचाय. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत चार पोरांचा एक बँड सराव करायचा. दोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि चौथा हा गाणारा. गाणी हाच लिहायचा, हाच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला कवी म्हणायचे. दिवसा वाळूजला कंपनीत कामाला. गेटपासच्या पाठीवर ओळी लिहून आणायचा.

पहिल्या दिवशी गिटारीतून अशी काही घरघर निघाली, की मला वाटलं वायर गेली. मी गिटारवाल्याच्या पायाजवळची लोखंडी डबी काढून बाजूला टाकली, नवी पिन लावली आणि गिटार सरळ मशीनला जोडली. आवाज कसा, विहिरीच्या पाण्यासारखा नितळ! मी छाती काढून उभा. चौघं एकमेकांकडं बघतायत.

"काका," कवी हळूच म्हणाला, "ती घरघर मुद्दाम आहे. त्यासाठीच ती डबी मुंबईहून मागवली."

"घरघर मुंबईहून मागवता? अरे, माझ्या माळ्यावर फाटके कर्णे पडलेत, तेच न्यायचे!"

हसून हसून तो खालीच बसला.

त्यांना ऐकायला माणसं मोजकीच. "अरे भाई, नाचनेका बजाव ना!" ही आरोळी ठरलेली. कवीला राग येत नसे. "लोक नाचायला आलेत काका, त्यांचं काय चुकलं?" म्हणायचा, डोळे मिटायचा आणि पुढचं गाणं घ्यायचा. शब्द सगळे त्या घरघरीत बुडून जायचे.

"एवढं लिहितोस, मग लपवतोस कशाला?" मी एकदा विचारलं.

"खरं लिहिलंय म्हणून."

पडेगावला एका कॉलेजच्या मैदानात त्यांचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कवी माझ्याजवळ आला. "काका, आबा आलेत गावाकडून. शेवटचं गाणं त्यांच्यावर आहे. त्यांना कळायला नको. आज लईच मागं ठेवा."

वेरूळच्या पलीकडं त्याचं गाव. आबा म्हणजे त्याचे वडील. धनगर, जन्म मेंढरांमागं गेलेला. ह्याच्या शिक्षणासाठी त्यांनी ती मेंढरं विकली, एवढं मला ठाऊक होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. पहिल्या रांगेत पटका बांधलेले आबा पुढं वाकून, कानामागं हात धरून बसले होते. आता माझ्या उस्तादानं मला एकच गोष्ट शिकवलीय. कानाला हात लावलेला माणूस दिसला, की त्याला शब्द पोचवायचा. मी गिटारींचा आवाज खाली घेतला आणि कवीचा वर काढला.

शब्द न् शब्द मैदानभर झाला. गाण्यात मेंढरं टेम्पोत चढली. काळी मेंढी घरामागं लई वेळ ओरडत राहिली. पोरानं आत पांघरुणात डोकं घातलं, ते बाहेर आलंच नाही.

आबांनी कानामागचा हात खाली घेतला.

कवी स्टेजवरून उडी मारूनच खाली आला. "काय केलंत काका हे! तुम्हाला सांगितलं होतं ना!"

"ऐकायला आलेल्या माणसाला ऐकू द्यायचं नाही, हे माझ्या मशीनवर होणार नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात आबा येऊन उभे राहिले.

"तू रचलंस हे?"

"व्हय आबा."

"समदं बरोबर हाय. एक चुकलंय." आबा जमिनीकडं बघत होते. "काळी मेंढी गुमान चढली टेम्पोत. घरामागं ती नव्हती वरडत."

"मग कोण?"

"मी व्हतो रं."

वायरी गुंडाळणारी पोरं थांबली. मग बापलेक पाणी प्यायला म्हणून नळाकडं गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

वर्षभरात बँड मोडला. ड्रमवाल्याचं लग्न झालं, गिटारवाले नोकरीला लागले, कवी पुण्याला गेला. त्या दिवसानंतर त्यानं एकही गाणं लिहिलं नाही, असं ड्रमवाला सांगतो. आपण बापाचं चुकीचं लिहिलं, हे त्यानं मनाला लावून घेतलं.

आबा शहरात आले की दुकानात टेकतात. परवा चहा घेताना म्हणाले, "पोरगं फोनवर तब्येत इचारतं, पाऊस इचारतं. गाणं काय ऐकवत नाय. त्याला म्हणावं, चुकलं तरी चालंल."

मी कुणाला आपणहून फोन करणारा माणूस नाही. त्याला केला. आबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

फोन ठेवला नाही त्यानं. त्याच्या खोलीतल्या पंख्याची करकर तेवढी मला ऐकू येत होती.